उद्यमनगरातले बिनपाटीचे गॅरेज : एक जुनी बुलेट, एक पल्सर २२० आणि त्यांच्या दुरुस्तीचा लेखाजोखा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंग मशिनांच्या शेडमध्ये एक बिनपाटीचे गॅरेज आहे. जुन्या मोटारसायकलींची इंजिने मुळापासून नीट करून देणारे ठिकाण म्हणून सांगली, निपाणी, कराडपर्यंतचे लोक तेथे गाड्या घेऊन येतात. मालकांना सगळे जण मिस्त्री म्हणतात. त्यांचे नाव छापण्याची परवानगी मी मागितली तेव्हा हातातलीच कामे उरकत नाहीत, आणखी गर्दी कशाला, असे सांगून त्यांनी ती नाकारली, म्हणून या परीक्षणातही त्यांचा उल्लेख मिस्त्री असाच येईल. माझी १९९०च्या दशकातली ३५० सीसी बुलेट आणि माझ्या भाच्याची २००९ सालची पल्सर २२० या दोन गाड्या आम्ही तेथे दिल्या होत्या. दोन्ही गाड्या परत आल्या, चांगल्या वापरून झाल्या आणि मगच हे लिहीत आहे, कारण इंजिनाचे काम कसे झाले हे गॅरेजच्या दारात कळत नाही.

माझे मत आधीच सांगतो. यांत्रिक कामात या गॅरेजचा हात धरणारे ठिकाण मला आजवर मिळालेले नाही, वायरिंगचे काम जेमतेम आहे, दिलेल्या तारखेला तेथे काही अर्थ नसतो आणि गाडीत काय काय बदल करायचे याची यादी खिशात घालून जाणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता मोठी आहे.

दोन गाड्यांची इंजिने थंड होण्याची तऱ्हा वेगळी असल्याने परीक्षणाला थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. बुलेटचे जुने कास्ट आयर्न इंजिन पूर्णपणे हवेवर थंड होते. ७० मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) असलेल्या या ३४६ सीसीच्या इंजिनात ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचे हेड आणि आत ॲल्युमिनियमचा पिस्टन अशी रचना असते. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे ७० मिलिमीटरचा पिस्टन आणि त्याभोवतीचा ब्लॉक दोन्ही दीडशे अंशांनी तापले, तरी त्यांच्या फुगण्यात एक दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, आणि प्रत्यक्षात पिस्टन ब्लॉकपेक्षा बराच अधिक तापतो. पिस्टन आणि बोअर यांच्यातली जागा किती ठेवायची हा सगळा हिशेब या फरकावर बेतलेला असतो. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट तापमान एका पट्ट्यात राखतो, तर येथे गाडीचा वेग, वारा, पेट्रोल-हवेचे मिश्रण आणि ठिणगीची वेळ यांच्यावर सारे अवलंबून राहते. म्हणूनच अशा इंजिनाची दुरुस्ती करणारा माणूस मोजमापात हलगर्जी असेल, तर नवे सुटे भाग घालूनही इंजिन लवकर बसते.

बुलेटची तक्रार सर्वसाधारण होती. निळसर धूर, तेलाचा वाढलेला खप, चढणीला दमछाक आणि हेडपासून वीतभर अंतरापर्यंत निळा पडलेला सायलेन्सरचा पाइप. बहुतेक ठिकाणी ही लक्षणे ऐकताच बोअर करून पिस्टन बदलू, असे उत्तर मिळते आणि ते चुकीचे असतेच असे नाही. मिस्त्रींनी मात्र गाडी त्या दिवशी उघडलीच नाही. त्यांनी प्लग काढून पाहिला, डिकॉम्प्रेसरची (सिलेंडरमधला दाब सोडणाऱ्या झडपेची) तार ढिली आहे का ते तपासले, थंड इंजिनाला हळू किक देत दाबाचा अंदाज घेतला, तेल स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळून फडके उन्हात धरले आणि मग निळ्या पडलेल्या पाइपावर बोट ठेवून विचारले, "साहेब, टायमिंग कुणी बघितलंय हिचं?" पाइप निळा पडण्याचे कारण पिस्टनमध्ये असेलच असे नाही, ठिणगी उशिरा पडल्यास किंवा मिश्रण पातळ असल्यास जळणारा वायू थेट एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडतो आणि पाइप व हेड दोन्ही तापतात, हे त्यांनी मला तेथेच समजावून दिले. या बुलेटमध्ये ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी वजने आणि स्प्रिंगा पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या) खाली असतात. माझ्या गाडीत ती वजने गंजून एका जागी चिकटली होती, त्यामुळे इंजिन वेगात असतानाही ठिणगी मंद गतीच्या वेळेलाच पडत होती.

इंजिन उघडल्यावर जे दिसले ते अधिक चिंतेचे होते. यापूर्वी ज्या गॅरेजमध्ये गाडी दिली होती तेथे टायमिंग कव्हर बसवताना पॅकिंगच्या ऐवजी लाल सिलिकॉनचा थर चोपडलेला होता, आणि त्याचा आत दाबला गेलेला भाग तुटून तेलाच्या वाटेत शिरला होता. मिस्त्रींनी चिमट्याने ओढून काढलेला तो लाल तंतू बोटाच्या पेराएवढा लांब होता आणि त्याच्या एका टोकाला काळ्या गाळाचा गोळा चिकटला होता. जुन्या बुलेटमध्ये क्रँकच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या जोडाला) जाणारे तेल टायमिंग कव्हरमधून एका बारीक तोटीतून जाते आणि त्या जोडाला एक छोटे बुचाचे सील असते. ते सील दबून गेले किंवा त्याची वाट कोंडली, तर तेल बिग एंडपर्यंत पोहोचण्याऐवजी मधल्यामध्ये गळते आणि बाहेरून काहीही कळत नाही. दोन रुपयांचा वाटावा असा हा तुकडा प्रत्येक वेळी कव्हर उघडल्यावर नवा घालायचा असतो. माझ्या गाडीतला सील किती जुना होता कोण जाणे, तो हातात घेताच भुगा झाला. सुदैवाने बिग एंडमध्ये मोकळीक नव्हती. मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढून, मग बाजूला हलवून, मग तेल पुसून पुन्हा ओढून पाहिला. बाजूला थोडे हलणे चालते, वर-खाली अजिबात हलता कामा नये, हे सांगत त्यांनी तो रॉड माझ्याही हातात दिला.

या परीक्षणात ज्या कामासाठी मी मोकळेपणाने कौतुक करणार आहे ते काम म्हणजे बोअरची मापे. ब्लॉक रॉकेलने धुऊन, पुसून, काही वेळ सावलीत ठेवून, मग डायल बोअर गेज आत सोडून वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीवर, आणि प्रत्येक पातळीवर पुढे-मागे व डावे-उजवे अशा दोन दिशांनी मिस्त्रींनी मापे घेतली. गेज किंचित डोलवत ते काटा कोठून परत फिरतो ते पाहत, तो आकडा मोठ्याने म्हणत आणि त्यांचा पोरगा तो पॅकिंगच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहीत असे. वरच्या रिंगेच्या पट्ट्यात पुढे-मागे सर्वांत अधिक झीज होती आणि खालच्या पातळीपेक्षा ती एक दशांश मिलिमीटरहून जास्त निघाली. बोअर अंडाकृती झाला असताना नुसत्या रिंगा बदलून काही काळ धूर कमी करता येतो, पण त्या रिंगा नीट बसत नाहीत. पिस्टनच्या डोक्यावर कोरलेल्या आकड्यावरून गाडी आधीच वीस थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेलेली असल्याचे दिसत होते. बुलेटला साधारणपणे वीस, चाळीस आणि साठ थाऊ अशा ओव्हरसाइजच्या पायऱ्या असतात, म्हणून पुढची पायरी चाळीसची होती. पुठ्ठ्यावरच्या आकड्यांखाली त्यांनी रेघ ओढली आणि मगच खर्चाचे बोलणे झाले. तो पुठ्ठा बिलासोबत मला मिळाला.

उद्यमनगराचा फायदा येथे दिसतो. शेतीच्या इंजिनांपासून साखर कारखान्यांच्या सुट्या भागांपर्यंत यंत्रकाम करणाऱ्या या वसाहतीत बोअरिंग करणारा माणूस चार शेड पलीकडे भेटतो, आणि त्याला नुसते चाळीस थाऊ बोअर मारून दे, असे कोणी सांगत नाही. मिस्त्री आधी नवा पिस्टन आणतात, तो मायक्रोमीटरने स्कर्टवर मोजतात आणि ते माप आणि हवी असलेली मोकळीक कागदावर लिहून ब्लॉकबरोबर पाठवतात. पिस्टन आणि बोअर एकाच दिवशी, एकाच तापमानाला मोजले जावेत म्हणून होनिंगच्या (दगडाने बोअर घासण्याच्या) शेवटच्या टप्प्यात ते स्वतः तेथे जाऊन उभे राहतात. होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा तेल धरून ठेवण्यासाठी असतात आणि त्या रिंगा बसण्यासाठी आवश्यक आहेत. काम झाल्यावर ब्लॉक पेट्रोलने नुसता पुसून घालण्याची चूक अनेक ठिकाणी होते. येथे तो साबणाच्या गरम पाण्याने ब्रश मारून धुतला गेला, पांढरे फडके आतून फिरवल्यावर ते पांढरेच बाहेर येईपर्यंत, कारण होनिंगच्या दगडाची बारीक पूड पेट्रोलपेक्षा साबणाने चांगली निघते.

हेडचे काम थोडक्यात सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्वची गाइड झिजली होती, ती बदलली, सीट कापून व्हॉल्व घासून बसवले आणि पोर्टमध्ये पेट्रोल ओतून गळते का ते पाहिले. टॅपेट, म्हणजे व्हॉल्वच्या यंत्रणेतली मोकळीक, लावताना बुलेटच्या या इंजिनात फीलर गेजची गरज पडत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर आणून, पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये, एवढीच ती मोजणी असते. हे काम ज्याला जमत नाही तो टॅपेट घट्ट ठेवतो, म्हणजे आवाज येत नाही आणि मालक खूश होतो, आणि व्हॉल्व सीटवर पूर्ण न टेकल्यामुळे त्याची गरमी हेडमध्ये उतरत नाही. टायमिंग मात्र त्यांनी जुन्या पद्धतीने, पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरून लावले. पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असताना वजने मिटलेल्या स्थितीत पॉइंट उघडायला हवेत, आणि ज्या क्षणी कागद सुटतो तो उघडण्याचा क्षण. मला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे होते. त्यांनी हरकत घेतली नाही, पण आधी वजने मोकळी करून आणि स्प्रिंगा बदलून गाडी चालवून पाहा, मग वाटले तर खर्च करा, असे सुचवले. आजवर मला तसे वाटलेले नाही.

माझ्या यादीत ऑइल कूलरही होता. बाजारात जुन्या बुलेटसाठी छोटा कूलर आणि रबरी नळ्या असलेले किट मिळते आणि ते बसवल्यावर गाडी दिसतेही रुबाबदार. मिस्त्रींनी ते बसवायला सरळ नकार दिला. त्यांचे म्हणणे मला पटले, म्हणून येथे मांडतो. या इंजिनातले तेलाचे दोन्ही पंप, पुरवठ्याचा आणि परतीचा, छोट्या दट्ट्यांचे असून त्यांचा प्रवाह बेताचाच असतो. किट बहुधा रॉकरकडे जाणाऱ्या बारीक बाहेरच्या नळीत जोडले जाते, त्यामुळे कूलरमधून जाणारे तेल एकूण तेलाचा लहानसा भाग असते आणि थंडाव्यापेक्षा गळतीच्या नव्या जागाच अधिक वाढतात. या इंजिनाची गरमी तेलाच्या वाटेने निघते त्यापेक्षा कितीतरी अधिक फिनांच्या, म्हणजे सिलेंडरभोवतीच्या पातळ कडांच्या, वाटेने निघते, आणि माझ्या ब्लॉकच्या फिनांमध्ये गाळ, तेल आणि कोणीतरी फासलेल्या जाड रंगाचे थर एकावर एक बसले होते. ते खरवडून, धुऊन, वर पातळ काळा रंग दिला, एवढेच. ठिणगी योग्य वेळी पडू लागली, मिश्रण दुरुस्त झाले आणि फिन मोकळे झाले, तेव्हा पाइप निळा पडायचा थांबला.

आता पल्सरकडे वळतो, आणि येथे कूलर हा मुळातल्या रचनेचाच भाग आहे. बजाजने २००७ साली इंधन-इंजेक्शनची पल्सर २२० आणली आणि २००९ साली कार्बोरेटरची, अधिक स्वस्त, २१ पीएसची आवृत्ती आणली. रस्त्यावर जी २२० दिसते ती बहुतेक या दुसऱ्या घराण्यातली. ६७ मिलिमीटर बोअर, ६२.४ मिलिमीटर स्ट्रोक, एका सिलेंडरला दोन प्लग आणि इंजिनासमोर बसवलेला छोटा ऑइल कूलर. फिन येथेही आहेत आणि बहुतेक गरमी तेच घालवतात. कूलरचे काम तेलाला पातळ होऊ न देणे हे आहे. तेलाच्या बळावर इंजिन थंड ठेवण्याचा विचार खऱ्या अर्थाने टोकाला नेला तो सुझुकीने. १९८५च्या जीएसएक्स-आर ७५० मध्ये पाण्याचे वजन टाळण्यासाठी पिस्टनच्या खालच्या बाजूवर आणि ज्वलनकक्षाच्या छतावर तेलाचे फवारे सोडण्याची योजना होती, आणि ती इतकी टिकाऊ निघाली की त्या घराण्यातली इंजिने बँडिट मालिकेत २००० नंतरही चालू राहिली. पल्सरचा कूलर त्या मानाने साधा आहे, पण त्याचीही निगा घ्यावी लागते, आणि भाच्याच्या गाडीचे सारे दुखणे तेथेच होते.

गगनबावड्याच्या घाटात मागे माणूस बसवून चढताना ती गाडी तापून मंद पडत असे, क्लच सरकत असे आणि हेडमधून खडखड येत असे. दोन ठिकाणी भाच्याला बोअर मोठा करून जाड पिस्टन घालण्याचा सल्ला मिळाला होता आणि पोरगा त्या कल्पनेने हुरळूनही गेला होता. मिस्त्रींनी हेड उघडून बोअर मोजला, तो मर्यादेत होता, पिस्टनवर ओरखडे नव्हते, म्हणून दोन्ही जसेच्या तसे ठेवले. नव्या पिस्टनचे पैसे सहज घेता आले असते, आणि ते घेतले नाहीत, याची नोंद परीक्षणात व्हायला हवी असे मला वाटते. खरी कारणे पुढे एकेक करून निघाली. दुसऱ्या प्लगची कॅप आतून तुटलेली होती, म्हणजे दोन प्लगांचे इंजिन एकाच प्लगवर चालत होते. इंजिन तशा अवस्थेतही सुरू होते आणि चालते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. कॅम चेन (व्हॉल्व चालवणारी साखळी) ताणली गेली होती आणि तिचा टेन्शनर थकला होता, खडखड तीच. कूलरच्या जाळीत पुढच्या चाकाने उडवलेला लाल चिखल सुकून विटेसारखा घट्ट बसला होता.

क्लच का सरकतो याचे उत्तर तेल काढताच मिळाले. "हे तेल चारचाकीचं हाय नव्हं?" असे मिस्त्रींनी डब्याकडे न पाहताच विचारले आणि भाच्याने मान खाली घातली. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. चारचाकीच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ती क्लचच्या प्लेटांना चालत नाहीत, म्हणून दुचाकीच्या तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे मानक पाहून घ्यायचे असते. भाच्याने स्वस्तात मिळालेले चांगले तेल म्हणून ते घातले होते. प्लेटा बदलाव्या लागल्या. कूलरच्या बाबतीत मिस्त्रींनी एक इशारा दिला तो इतरांनाही उपयोगी पडेल. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कूलर धुतला, तर त्याची नाजूक पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते. त्यांनी चिखल भिजवून, मऊ ब्रशने सैल करून, हवेचा झोत मागच्या बाजूने पुढे मारला आणि वाकलेली पाती पातळ पट्टीने एकेक सरळ केली. नळ्यांच्या जोडांचे तांब्याचे वायसर नवे घातले, कारण एकदा दाबलेला वायसर पुन्हा तसा बसत नाही.

दोन्ही गाड्यांत कार्बोरेटरचा प्रश्न सारखाच होता, आणि त्यावर मला या गॅरेजचा सल्ला इतर ठिकाणांपेक्षा विचारपूर्वक वाटला. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट पुरते, आणि ई२० म्हणजे या मिश्र पेट्रोलसाठी तो आकडा साधारण १३.५ पर्यंत उतरतो. आधुनिक इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हा फरक भरून काढतो, पण जुन्या कार्बोरेटरला तो कळत नाही. त्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) जुन्या पेट्रोलसाठी मोजलेले असल्याने मिश्रण आपोआप पातळ होते आणि हवेवर थंड होणारे इंजिन त्यामुळे अधिक तापते. मिस्त्रींनी बुलेटच्या कार्बोरेटरमध्ये मुख्य जेट एक पायरी मोठा घातला, पेट्रोलची जुनी नळी आणि कॉकचे पॅकिंग बदलले, आणि टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका, असे बजावले, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि टाकीच्या पत्र्याला आतून गंज चढतो. जेट बदलल्यावर प्लगचा रंग पाहून त्यांनी सुईची खाच एकदा पुन्हा हलवली. पल्सरचा कार्बोरेटर त्यांनी फक्त साफ केला, त्यात काही बदलले नाही, आणि तेही योग्यच ठरले.

बदल करण्याच्या बाबतीत मिस्त्रींचा स्वभाव तिरसट म्हणावा असा आहे. गाडी सुरक्षित किंवा सोयीची होईल असे बदल ते आनंदाने करतात. माझ्या बुलेटला त्यांनी पुढच्या ब्रेकचे ड्रम लेथवर खरे करून त्याच मापाला नवे शू घासून बसवले, आणि नुसत्या एवढ्यानेच गाडी थांबण्यात फरक पडला. हँडलला थोडा उंच पर्याय, चांगल्या प्रतीचे मागचे शॉकअप, हेडलाइटला रिले, हे सगळे तेथे करून मिळते. मात्र मोकळा सायलेन्सर, फिन कापणे, चेसिसच्या मागच्या नळ्या कापून कॅफे रेसर करणे, एक्झॉस्टच्या पाइपला कापडी पट्टी गुंडाळणे यांना त्यांच्याकडे जागा नाही. भाच्याने सायलेन्सरचा विषय काढला तेव्हा त्यांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा दाखला दिला. नोंदणीत लिहिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे, हे त्यांना तोंडपाठ आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला आहे, तेव्हा या सावधपणाला व्यवहाराचाही आधार आहे. तरीही एक गोष्ट मला खटकली. ज्याला हौस आहे आणि जो कायद्याच्या चौकटीतच काही मागतो आहे अशा तरुण गिऱ्हाइकाशी बोलण्याची त्यांची रीत फटकारण्याची आहे, आणि त्यामुळे चांगला सल्ला मिळूनही काही जण दुसरीकडे निघून जातात.

सुट्या भागांबाबत त्यांचा आग्रह असा, की नकली भाग असेल तर काम घेणार नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे बरेच भाग अजून मिळतात, पण त्यांत प्रतीचा गोंधळ मोठा आहे. रिंगांच्या दोन पाकिटांतला फरक त्यांनी मला दाखवला. एकीची तोंडे बोअरमध्ये घातल्यावर नीट समोरासमोर येत होती, दुसरीची तिरपी होती आणि बोअरच्या भिंतीला टेकताना तिच्याखालून उजेड दिसत होता. दुसरे पाकीट परत गेले. यामाहा आरएक्स १०० घेऊन येणाऱ्यांना तर ते हमखास आधी विचारतात की ब्लॉक मूळचा आहे की बदललेला, कारण १९९६ साली बंद झालेल्या त्या गाडीच्या नावावर बाजारात काहीही विकले जाते.

आता तक्रारी. मुदतीचे मी वर म्हटलेच आहे, पण ती नुसती उशिराची तक्रार नाही. काम अडले आहे की सुरू आहे हे कळवण्याची पद्धतच तेथे नाही, फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, आणि बाहेरगावच्या माणसाला प्रत्यक्ष चक्कर मारल्याशिवाय काही समजत नाही. सांगितलेल्या मुदतीच्या दुप्पट वेळ लागेल असे धरूनच गाडी द्यावी. दुसरी तक्रार वायरिंगची. बुलेटच्या हेडलाइटचा रिले बसवला, पण जोड टेपने गुंडाळलेले होते, त्यांना ना फेरूल होते ना नळी, आणि पावसात दिवा मिचकावू लागला तेव्हा मला ते दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावे लागले. रंगाचे आणि क्रोमचे काम बाहेर जाते, त्याची जबाबदारी मिस्त्री घेतात पण त्याची प्रत त्यांच्या हातात नसते. बिल हाताने लिहिलेले असले तरी प्रत्येक भागाची किंमत आणि मजुरी वेगळी दाखवलेली होती आणि बदललेले सगळे भाग, अगदी कुजलेल्या बुचाच्या सीलसकट, पिशवीत भरून परत मिळाले. एकूण खर्चात सुट्या भागांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. मजुरी शहरातल्या साध्या गॅरेजपेक्षा जास्त आहे, मोजमापाचा वेळ धरला तर ती मला रास्त वाटली.

निकालाविषयी सांगायचे, तर बुलेट सुरुवातीच्या टप्प्यात सावकाश चालवून, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा ताणून आणि तेल लवकर बदलून घेतले. त्यानंतर वाघबिळापासून पन्हाळ्यापर्यंतची चढण ती पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये हाफत चढायची, आता तेथे गिअर उतरवण्याची घाई करावी लागत नाही. निळा धूर थांबला आहे. तेल अजूनही थोडे लागते, आणि गाडी बराच काळ उभी राहिल्यावर तेलाच्या टाकीतले तेल झिरपून क्रँकमध्ये उतरण्याची या इंजिनाची जुनी खोड कायम आहे, तिच्यावर मिस्त्रींकडेही इलाज नव्हता. पल्सर घाटात पूर्वीसारखी तापत नाही, क्लच धरतो, आणि कॅम चेनचा आवाज नाहीसा झाला. भाच्याला अपेक्षित होता तसा वेग मात्र वाढलेला नाही, कारण तो वाढवण्यासाठी काही केलेच नव्हते.

गाडी द्यायची असेल त्यांनी सकाळी लवकर जावे, कारण दुपारनंतर मिस्त्री बोअरिंगच्या शेडमध्ये असतात. गाडी थंड असतानाच नेलेली बरी, टेम्पोतून नेली तर अधिक चांगले, म्हणजे त्यांना थंड इंजिनाची किक तपासता येते. आधी कोणी काय काम केले, कोणता भाग कधी बदलला, तेल कोणते घातले, हे कागदावर लिहून न्यावे. नोंदणीला पंधरा वर्षे झाली असतील, तर नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांची कागदपत्रे सोबत असावीत, कारण चाचणीसाठी गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी ते ती मागतात. आगाऊ रक्कम फक्त सुट्या भागांपुरती घेतली जाते.